उरकुड्याचा टाक

माझं लग्न १९६६च्या एप्रिलात झालं. उमरेडहून मी नागपुरात, इंदोऱ्याला आले आणि पंधरा दिवसांच्या आतच आमच्या घरी पानग्यांचं जेवण झालं.

बुद्धपौर्णिमेला सगळे जमले होते. कामठीहून नणंद सिंधूताई मुलांना घेऊन आल्या होत्या, भिवापूरकडून सासूबाईंचे भाऊ आले होते. विहारातली वंदना झाली, खीर झाली, पौर्णिमा सरली, तरी कोणी जायचं नाव काढेना. मी नवी सून. एवढ्या माणसांचा स्वयंपाक करता करता जीव मेटाकुटीला आला होता. शेवटी सिंधूताईंना विचारलंच, तर त्या हसून म्हणाल्या, “चौथ्या दिवशी मायचे पानगे असतात वं. ते खाल्ल्याशिवाय माय कोणाले जाऊ देत नाही.”

माय म्हणजे माझ्या सासूबाई, इंदूबाई. घरात सगळे त्यांना मायच म्हणत, मीही म्हणू लागले. ठेंगणी, काटक बाई. बोलणं अगदी मोजकं. सासरे रामाजी गिरणीत कामाला होते आणि विहाराच्या समितीत होते. माझे यजमान मनोहरराव प्राथमिक शाळेत मास्तर. घर दोन खोल्यांचं, पुढे अंगण, अंगणात कडुनिंब. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर.

चौथ्या दिवशी सकाळीच मायनं अंगणात गोवऱ्या रचून पेटवल्या. जाडसर दळलेली कणीक दुधात मळली, पळसाच्या दोन पानांमध्ये एकेक गोळा थापला आणि निखाऱ्यांत सरकवला. पानं जळून काळी झाली की आतला पानगा निघायचा. त्यावर पानाच्या शिरा उमटलेल्या असायच्या. सोबत तुरीचं घट्ट वरण आणि डोळ्यांतून पाणी काढणारी वांग्याची भाजी. झाडाखाली पंगत बसली. मायनं कोणाला कणकेला हात लावू दिला नाही.

सगळ्यांचे झाल्यावर तिनं तळहाताएवढा एक पानगा केला, आत गूळ घालून. सिंधूताईंच्या धाकट्यानं तो मागितला, रडला, तरी दिला नाही. ताटाखाली झाकून ठेवला आणि सगळे हात धुऊन उठल्यावर भिंतीकडे तोंड करून एकटीनं खाल्ला. मला वाटलं, सासूला गोडाची आवड दिसते. थोडं हसूही आलं.

पुढे दरवर्षी तेच पाहिलं. त्या जेवणाच्या निमित्तानं घरच्या गोष्टी निघत. कोणाचं लग्न कसं झालं, भिवापूरच्या आजोबांनी नांगर कसा मोडला, छप्पन साली दीक्षेच्या दिवशी किती माणूस आमच्या अंगणात जेवून गेलं. मनोहरराव तेव्हा बारा वर्षांचे होते. त्या दिवसांत घरचे सगळे देव टोपलीत भरले आणि ती टोपली डोक्यावर घेऊन त्यांनी शुक्रवारी तलावात रिकामी केली. ही गोष्ट ते दरवर्षी सांगत आणि सांगताना ताठ बसत. त्यांच्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी गोष्ट होती. सासरे ऐकत असत. माय त्या वेळी हटकून उठून विस्तवाकडे जाई.

१९७०च्या उन्हाळ्यात मायच्या उजव्या हाताला गळू झालं. तेव्हाच भिवापूरहून तिच्या भावानं मिरची पाठवली. ती कांडून आणली. चिनी मातीची एक मोठी बरणी होती, ती धुऊन नवं तिखट भरायचं काम माय दरवर्षी स्वतः करी. ठसका लागतो म्हणून दार लावून घेई. यंदा म्हणाली, “राहू दे वं, माहा हात बरा झाला का मी भरीन.” पण नवं तिखट उघडं पडलं होतं. ती पट्टी बांधायला दवाखान्यात गेली तशी मी बरणी परातीत उपडी केली.

तळातून एक चिंधीची पुरचुंडी पडली. सोडली तर आत चांदीचा टाक.

जुन्या काळी घरचं माणूस गेलं की चांदीच्या पत्र्यावर त्याच्या नावानं मूर्ती उठवत आणि देव्हाऱ्यात ठेवत. तोच टाक. माझ्या आजीच्या देव्हाऱ्यातही होते, छप्पन साली सगळे गेले. आमच्या माणसांनी ते ओझं डोक्यावरून उतरवलं होतं, आणि ते उतरवताना काय काय सोसलं हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. अन् इथं, विहाराच्या समितीतल्या माणसाच्या घरात, तिखटाच्या बरणीत टाक!

माय परत आली. परातीतलं तिखट पाहिलं, माझ्या हातात पाहिलं, आणि दारातच खाली बसली.

“माय, हे काय आहे?”

तिनं एकदा अंगणाकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

“माहा पोट्टा आहे,” ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. इतकी वर्षं न बोललेली बाई एका दमात बोलत गेली.

“पहिले दोन त नाव ठेवायच्या आधीच गेले. तिसरा झाला, तवा मह्या सासूनं त्याले उकिरड्यावर नेऊन ठेवला. शेजारीण गेली, उचलून घेऊन आली, अन् मह्या पदरात टाकला. म्हणे, आता हा तुहा नाही, उकिरड्याचा आहे, याले कोणी नेणार नाही. म्हणून त्याचं नाव उरकुडा. सात वर्षं जगला वं. बापाचा डबा घेऊन गिरणीच्या फाटकावर जाये. मी पानगे भाजाले बसली का पलटवाले त्यालेच पाहिजे. बोटं भाजून घे अन् तोंडात घालून हासे.”

सात वर्षांचा झाला त्या साली देवीची साथ आली. सिंधूताई तेव्हा तीन वर्षांच्या होत्या, मनोहरराव पोटात होते. वैशाखाची पौर्णिमा झाली आणि चौथ्या दिवशी उरकुडा गेला.

“आदल्या दिवशी म्हणे, माय, गुळाचा पानगा दे. तोंडात सारे फोड. पाणी गिळता येत नव्हतं त्याले. मी म्हटलं, बरं वाटू दे, मंग करून देते. देल्ला नाही.”

त्याच्या हातात आजीनं केलेले चांदीचे वाळे होते. ते मायनं सोनाराला दिले. सोनार म्हणाला, माझ्याकडे देवांचेच ठसे आहेत. ती म्हणाली, देव नको, पोट्टा काढ. मग त्यानं खिळ्यानं टोचून टोचून एक लहान आकृती उठवली. मी टाक उजेडात धरला. दोन टिंबांचे डोळे, तोंडाची एक रेघ, बाजूला लोंबणारे दोन हात. हळदीनं आणि तिखटानं चांदी तांबूस झालेली.

“छप्पन साली टोपली भरली. तुह्या सासऱ्यानं यालेबी टोपलीत ठेवला. पण टोपली त्यानं नाही उचलली. त्याच्यानं उचलवली नाही. मनोहरच्या डोक्यावर देल्ली. तो दाराबाहेर पाय ठेवून राहिला होता तवा मी हात घातला अन् याले काढून घेतला. तुह्या सासऱ्याले वाटते, गेला.”

मी टाकाकडेच पाहत राहिले. तिला वाटलं असावं मी तिला दोष देते आहे. ती माझा हात धरून म्हणाली, “मी पूजा करत नाही वं, शामले. कुंकू लावत नाही, दिवा लावत नाही. मले साऱ्या प्रतिज्ञा पाठ आहेत. देव गेले, बरं झालं, त्यायनं मले काय देल्लं? पण हा देव नव्हता. त्याचा फोटो नाही. आंगडं-टोपडं होतं ते साथीत जाळून टाकलं. याच्याशिवाय काहीच नाही मह्यापाशी.”

“घरात कोणाले माहीत आहे?”

“कोणालेच नाही. तुह्या सासऱ्यापुढं त्याचं नाव काढलं का तो दोन दोन दिवस जेवत नव्हता. म्हणून नावच घेणं बंद झालं. सिंधूले काही याद नाही. मनोहर त नंतरचा. तू सांगू नको. त्याले त नाहीच नाही. तो लय सरळ आहे, त्याले समजणार नाही.”

मी शब्द दिला. टाक चिंधीत बांधून बरणीच्या तळाशी ठेवला आणि वर नवं तिखट भरलं. त्या वर्षीपासून पौर्णिमेनंतरच्या चौथ्या दिवशी माय तो गुळाचा पानगा मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवू लागली. आम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून खायचो. अंगणात बाकीची माणसं हसत-बोलत असत. तेराव्याला जमल्यासारखी ती इतकी माणसं दरवर्षी तिच्या लेकासाठी जमत आणि त्यांतल्या एकालाही ते माहीत नसे.

बहात्तर साली सासरे गेले. अखेरपर्यंत त्यांच्या तोंडून त्या मुलाचं नाव निघालं नाही.

पंचाहत्तरच्या सप्टेंबरात मी दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी होते. दीक्षेचा दिवस जवळ आला म्हणून मनोहररावांनी घराला चुना द्यायला काढला. माय दोन दिवस सिंधूताईंकडे कामठीला गेली होती. फळीवरचे डबे-बरण्या उतरवताना ती बरणी यांच्या हातून सुटली आणि फुटली.

पुढचं त्यांनीच मला नंतर सांगितलं. तिखटाच्या ढिगात चिंधी दिसली, सोडली, आणि डोक्यात घणच बसला म्हणाले. आपल्या घरात! वडील असते तर त्यांना काय वाटलं असतं! आई आपल्याला चोरून इतकी वर्षं देव पूजते! राग आला की रडू, ते त्यांनाही सांगता आलं नाही. त्यांनी तिखटानं माखलेले हातही धुतले नाहीत. सायकल काढली, सरळ शुक्रवारी तलावावर गेले, आणि बारा वर्षांचे असताना जिथं टोपली उलटी केली होती तिथूनच टाक जोरानं आत भिरकावला.

संध्याकाळी माय परतली तर हे दारातच उभे.

“माय, घरात देव सापडला.”

तिनं फळीकडे पाहिलं. “कुठं आहे?”

“तलावात.”

एवढंच बोलणं झालं. माय आत गेली. केरसुणी घेऊन कोपऱ्यात राहिलेलं तिखट गोळा करू लागली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. यांनी विचारलं तर म्हणाली, तिखटानं आहे. यांना ते खरंच वाटलं.

मी नोव्हेंबरात लेकीला घेऊन परत आले. फळीवर नवी बरणी होती. माय अंगणात बाजेवर बसली होती. तिनं नातीला मांडीवर घेतलं, तिची मूठ उघडून पाहिली, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “गेला वं.”

“कोण?”

“तुह्या नवऱ्यानं तलावात टाकला.”

मी म्हटलं, तुम्ही सांगितलं काहून नाही त्यांना? ती म्हणाली, “काय सांगू? तो बरोबरच वागला त्याच्या हिशेबानं. आता सांगून त्याच्या जिवाले घोर कायले लावू?”

दुसऱ्या दिवशी सकाळी हे शाळेला निघाले होते. पायात पॅन्टची क्लिप लावून सायकलवर बसत होते. मी फाटकापाशी गेले आणि दिलेला शब्द मोडला.

“तुम्ही टाकला तो देव नव्हता. तुमचा भाऊ होता.”

“कोणता भाऊ? वेडी आहेस का?”

मी सगळं सांगितलं. आपल्याआधी काही मुलं वाचली नाहीत एवढंच त्यांना ठाऊक होतं. सात वर्षांचा, बापाला डबा नेऊन देणारा, नाव असलेला भाऊ त्यांना पहिल्यांदाच कळला. ते सायकलवरून उतरले. तिला भिंतीशी टेकवली, ती घसरून पडली, तशीच राहू दिली. नऊ वर्षांच्या संसारात त्या दिवशी पहिल्यांदा ते शाळेत गेले नाहीत.

ते तलावावर गेले. तिथं मासे धरणारा देवाजी ढिवर होता. त्याच्यापुढे यांनी हात जोडले. देवाजी म्हणाला, गुरुजी, खाली कंबरभर गाळ आहे, पण पाहतो. तीन रविवार तो डुबक्या मारत राहिला आणि हे काठावर उभे. तिसऱ्या रविवारी त्याच्या हाताला काहीतरी लागलं. यांनी ते रुमालात गुंडाळून धावत घरी आणलं. शेंदराची पुटं असलेली एक दगडी देवी, आणि एक काळाठिक्कर पडलेला टाक.

माय चुलीपुढे होती. यांनी टाक तिच्या हातावर ठेवला. तिनं चिंच घेतली, राख घेतली, आणि अंगणात बसून घासू लागली. किती वेळ घासत होती. हे समोर उकिडवे बसून पाहत होते. हळूहळू चांदी उजळली. माय तो अगदी डोळ्यांजवळ नेऊन पाहत राहिली, आणि मग परत यांच्या हातात दिला.

“हा नाही.”

“माय, नीट पाह्य. गाळानं झिजला असंल.”

“हा बाई आहे, मनोहर. डोक्यावर पदर आहे. कोणा दुसऱ्याच्या घरचा आहे. जा, होता तिथं ठेवून ये.”

ते उठेनात. तिथूनच म्हणाले, “तू मले सांगितलं काहून नाही?”

माय चिंचेचा चोथा गोळा करत होती. आवाज न चढवता ती म्हणाली, “तू विचारलं काहून नाही? टाकायच्या आधी एक शब्द विचारायचा होता, माय, हे काय आहे म्हणून. शामलानं विचारलं होतं.”

ती देवी आणि तो टाक परत तलावात सोडून ते आले तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू येत नव्हता.

मग त्यांनी नवा टाक करायचं मनात घेतलं. जो माणूस विद्यार्थ्यांच्या गळ्यातला ताईत पाहिला तरी घरी जाऊन आईबापांना समजावत असे, तो म्हणाला, मी सोनाराकडे जातो. चित्र त्यांना चांगलं काढता येई. एका रविवारी दुपारी कागद-पेन्सिल घेऊन मायजवळ बसले.

“माय, कसा दिसत होता सांग. मी काढतो.”

माय बाजेवर पाय घेऊन बसली. “केस दाट होते. पुढं येत.” यांनी केस काढले. “कपाळ…” तिनं स्वतःच्या कपाळावर हात फिरवला. “नाक मह्यावानी होतं. नाही, तुह्या बापावानी असंल.” हे वाट पाहत राहिले. कडुनिंबावर कावळे ओरडत होते. मायचा चेहरा एकदम घाबरल्यासारखा झाला.

“मनोहर, मले याद नाही.”

“असू दे, सावकाश सांग.”

“नाही रे. खरं सांगते. मले त्याचं तोंड कवाचंच याद नाही. डोळे मिटले का मले तो टाकच दिसे. दोन टिंबं अन् एक रेघ. तेच तोंड झालं होतं त्याचं. आता तेबी दिसत नाही.”

ते कागदाकडे पाहत राहिले. नुसते केस काढलेला तो कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. सोनाराचं नाव पुन्हा निघालं नाही.

शहात्तरच्या बुद्धपौर्णिमेला सगळे आले. तिसऱ्या दिवशी मायनं सिंधूताईंना सांगितलं, “पोट्टे घेऊन जा आता. उन्हाचं कायले राहता?” पानगे झाले नाहीत. सत्त्याहत्तरलाही झाले नाहीत. भिवापूरचे मामा म्हणाले, इंदू थकली. यायचेच बंद झाले. वर्षातून एकदा भरणारं ते अंगण रिकामं राहू लागलं, आणि जुन्या गोष्टी निघणंही थांबलं. आमच्या मुलाला त्याच्या भिवापूरच्या पणजोबांचं नाव विचारलं तर त्याला सांगता येईना.

अठ्ठ्याहत्तर साली मी ठरवलं की आपण करायचे. दहा वर्षं मायला करताना पाहिलं होतं, मनात म्हटलं जमेल. कणीक मळली, पानं लावली, निखाऱ्यात सरकवले. अर्धे करपले, अर्धे आतून कच्चे. मी लाजून एक मायपुढे ठेवला. तिनं तुकडा मोडला, चघळला.

“मीठ जास्त झालं. अन् पाण्यात मळली तू. दुधात मळाची.”

“तुम्ही कधी प्रमाण सांगितलंच नाही, माय.”

पण उरलेला पानगा तिनं सगळा खाल्ला. दुसऱ्या दिवशी तिनं मला बाजेजवळ बोलावलं आणि सांगू लागली. पायलीला किती दूध, मोहन कडकडीत की कोमट, पळसाचं पान कोवळं नको, जून पाहिजे, गोवरी धूर सोडत असताना आत घालायचं नाही. मी मनोहररावांच्या शाळेच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून घेतलं. वरणाचं सांगितलं, भाजीचं सांगितलं. मग सासूच्या सासूचं नाव सांगितलं, तिला हे कोणी शिकवलं ते सांगितलं. तेही मी लिहिलं. गुळाच्या पानग्याचं मात्र ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

मनोहरराव त्या वर्षात निराळ्याच खटपटीत होते. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी जिथं ठेवतात त्या कचेरीत ते सुट्टी पडली की जाऊन बसत. साल मायच्या आठवणीवरून काढलेलं, तारीख पंचांगावरून मागे मोजत गेलेली. कारकून कंटाळला, पण हे पिवळी पडलेली रजिस्टरं एकेक पान उलटत राहिले. एकोणऐंशीच्या पावसाळ्यात एक दिवस ते भिजत घरी आले, छातीशी प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद. नोंदीची नक्कल.

मायला तेव्हा कमी दिसू लागलं होतं, आणि वाचता तिला कधीच येत नव्हतं. हे तिच्या पायाशी बसले आणि मोठ्यानं वाचू लागले.

“मृत्यूची तारीख. वय सात वर्षं. जात, वस्ती. कारण, देवी. वडिलांचं नाव रामाजी, धंदा गिरणीकामगार.”

“अन् त्याचं नाव?” मायनं विचारलं.

त्यांनी मान वर करून मायकडे पाहिलं. “नाव, उरकुडा रामाजी.”

“असं लिवलं आहे?”

“हो, माय.”

“पुन्हा वाच.”

त्यांनी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. प्रत्येक वेळी नावाशी आल्यावर माय ओठ हलवत असे. मग तिनं कागद हातात घेतला, त्यावरून बोटं फिरवली आणि विचारलं, नाव कुठं आहे? यांनी तिचं बोट धरून एका जागी टेकवलं. ते बोट तिनं तिथंच ठेवलं, चहा निवून गेला तरी.

पुढे तो कागद ट्रंकेत ठेवताना मी पाहिला. नावाच्या रकान्यात “रामाजीचा मुलगा” एवढंच लिहिलेलं होतं. ज्या माणसाला मी उभ्या जन्मात खोटं बोलताना पाहिलं नव्हतं, त्यानं ते तीनदा वाचलं होतं. मी कागद घडी करून ठेवला. आमच्यात त्यावर कधी बोलणं झालं नाही.

१९८२च्या हिवाळ्यात माय गेली. न्यूमोनिया झाला, चार दिवसांत आटोपलं. विहारात शोकसभा झाली. गिरणीतले सासऱ्यांचे जुने सोबती आले होते, बिरादरीतले मोठे लोक आले होते. वंदना झाल्यावर मनोहररावांना बोलायला सांगितलं. मला वाटलं, आईच्या कष्टांबद्दल बोलतील, सगळे बोलतात तसं.

ते उभे राहिले. “माझ्या आईला पाच मुलं झाली,” ते म्हणाले. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण बहुतेकांना दोनच माहीत होती. “पहिली दोन नाव ठेवण्याआधी गेली. तिसरा उरकुडा. तो सात वर्षं जगला. त्याची आठवण म्हणून आईपाशी एक टाक होता. ती त्याची पूजा करत नव्हती. मी तिला न विचारता तो तलावात फेकला.” पुढे त्यांना सिंधूताईंचं आणि स्वतःचं नाव घ्यायचं असावं, पण ते तसेच खाली बसले.

सासऱ्यांचे सोबती खाली पाहत होते. कोणाला राग आला असेल, कोणाला लाज वाटली असेल, मला सांगता येत नाही. मी आपली माझाच विचार करत होते. सत्तर साली मी शब्द पाळला म्हणून तो टाक गेला. तेव्हाच मोडला असता तर यांनी समजून घेतलं असतं का, की पाच वर्षं आधीच तलावात टाकला असता? मी पुष्कळदा दोन्ही बाजूंनी विचार केला आहे.

लोक निघाले. सतरंज्या गुंडाळायला घेतल्या तरी बायकांच्या बाजूला एक म्हातारी भिंतीला टेकून बसून होती. आमच्या गल्लीतली प्रयागबाई. छप्पन साली तिनं आपल्या हातानं घरचे देव काढून दिले होते आणि ते ती अभिमानानं सांगत असे. मी जवळ गेले तशी तिनं माझा पदर धरला.

“सूनबाई, माही पोरगी होती. तिचा होता माह्याकडं. मी त्या दिवशी टोपलीतच जाऊ देल्ला. जाऊ देणं बरोबरच होतं ना वं?”

मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, “नाव काय होतं तिचं?”

प्रयागबाईनं तोंडाला पदर लावला. पदराआडूनच म्हणाली, “रखमी.” आणि मग ती सांगू लागली, कितव्या वर्षी गेली, कशानं गेली, कशी बोलायची. बाहेर मनोहरराव माझी वाट पाहत उभे होते. मी त्यांना हातानंच खुणावलं, तुम्ही पुढं चला.